अण्णांची आल्प्सची फेरी

मे महिन्याच्या उन्हात लोकरी टोपी आणि हातमोजे घालून पांडवलेणीच्या पायऱ्या चढणारा माणूस दिसला, तर घाबरू नका. ते आमच्या शेजारचे मधुअण्णा. आल्प्सची तालीम चालू आहे.

पायथ्याचा सरबतवाला त्यांना ओळखून आहे. "अण्णा, बर्फ टाकू, का आल्प्सचाच पाहिजे?"

"हस लेका," अण्णा टोपीनं घाम पुसत म्हणतात. "गाडी मार्गावर सोडायच्या आधी रिकामी पळवून बघावी लागते."

अण्णांची सगळी नोकरी बस डेपोत वेळापत्रकं लावण्यात गेली. निवृत्त झाले, पण डेपो सुटला नाही. भाजी आणायला जाणं ही त्यांची 'फेरी', दुपारची झोप हा 'मुक्काम', आणि न कळवता आलेले पाहुणे म्हणजे 'जादा गाडी'.

त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता स्वित्झर्लंडला असते. तिनं बाबांना जूनमध्ये बोलावलं आहे. फोनवर ती सहज म्हणाली, "एक दिवस डोंगरात जाऊ. वर दगडी झोपडी आहे, तिथं जेवायचं, संध्याकाळी परत." एवढंच. तेव्हापासून अण्णा त्या एका वाक्याचं वेळापत्रक लावताहेत.

माझा नवरा सुधाकर गेल्यापासून मी फारशी बाहेर पडत नाही. त्यामुळे नियोजनाची बैठक माझ्याच घरी भरते. अण्णा चहा मागतात आणि सुधाकरची पुस्तकं कपाटातून काढून टेबलावर डोंगर रचतात. सगळ्यात वर शब्दकोश. "हा वरचा थांबा," त्यावर बोट ठेवून ते सांगतात. झोपडी हा शब्द त्यांना पसंत नाही. प्रत्येक वस्तूला स्टेपनी हवी, म्हणून काठ्या दोन, चष्मे दोन, टोप्या दोन. "गुडघ्याची स्टेपनी तेवढी मिळत नाही हो, बाई," असं म्हणून ते पुस्तकं जागेवर न ठेवता निघून जातात. मी ती नंतर सावकाश लावते. तेवढीच हाताळली जातात.

परवा मात्र अण्णा भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून काखेत घेऊन आले.

"बाई, घोळ झाला. मुक्तानं ठरवलेला दिवस नेमका संकष्टीचा. चंद्र पाहिल्याशिवाय जेवता येणार नाही. आणि इथं मुंबईचा चंद्रोदय दिलाय, नागपूरचा दिलाय, पार बेळगावचासुद्धा दिलाय. आल्प्सचा नाही!"

माझ्यासमोरच त्यांनी मुक्ताला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, त्या दिवशी इथं चंद्र रात्री अकराच्या पुढे उगवेल. तोही डोंगराआडून."

"मग दिवस बदल."

"ऑफिसातून एकच दिवस मिळालाय. बाकीचे दिवस मी कामावर आणि तुम्ही घरात. हा एकच आपला आहे."

"मग मी उपाशी चढतो. तू जेव, मी शेजारी बसीन."

"म्हणजे मी लहान असताना तुम्ही ड्यूटीवर, आणि आता उपासावर?" मुक्ताचा आवाज चढला. "राहू दे मग. नकोच जायला. आणि हे उपासाचं खूळ कधीपासून? आईला तर चिडवायचात, फोनवर ऐकलंय मी, चंद्राची गाडी लेट आहे, खाऊन घे म्हणून."

अण्णांनी कॅलेंडर पुन्हा गुंडाळलं. मी सहसा दुसऱ्यांच्या बोलण्यात पडत नाही, पण त्या वेळी बोलून गेले. "मुक्ता, तो उपास तुझ्या आईचा आहे. सुमनताई गेल्या तेव्हापासून अण्णा करतात."

"तू परदेशी गेलीस तेव्हा तुझ्यासाठी धरला होता तिनं," अण्णा कॅलेंडरकडे बघत पुटपुटले. "पॅसेंजर नाही म्हणून कुणी मार्ग बंद करतं का? तिची एक फेरी चुकली नव्हती. मीही चुकवली नाही."

पलीकडे मुक्तानं फोन चेहऱ्याजवळ घेतला.

"चुकली होती, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला रजा मिळाली नव्हती, ती एकटी आली होती ना इकडे, तेव्हा. मी दुपारी वरणभात केला होता, आणि ही सरळ ताटावर येऊन बसली. मी म्हटलं, अगं आई, आज संकष्टी, चंद्र उगवायचाय. तर म्हणाली, तू समोर दिसते आहेस, आता आणखी कुणाची वाट बघू?"

"फेरी रद्द केली?" अण्णा म्हणाले. "आणि डेपोला कळवलं नाही?" त्यांना हसायचं होतं. जमलं नाही.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथं काही काम नव्हतं.

बाहेरून अण्णांचा आवाज आला. "मुक्ते, तिथं वर जेवायला काय मिळतं गं?"

इतक्या बैठका झाल्या, पण हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता. मुक्ता सांगू लागली. गरम सूप, जाड पाव, बटाट्यावर वितळवलेलं चीज, सफरचंदाचा काहीतरी गोड पदार्थ. एरवी अण्णा कुणाला वाक्य पुरं करू देत नाहीत. आज ते मधे एक शब्द बोलले नाहीत. ती थांबली की तेवढं म्हणायचे, "बरं. आणि?"