चिंचेमागचा आवाज

आबांच्या दहाव्याला नदीकाठी सगळी भावकी जमली, प्रवचन झालं, पिंड मांडून झाले आणि कावळा काही शिवेना. शेडच्या पत्र्यावर सात कावळे ओळीने बसले होते. एकाने काव म्हणून केलं नाही. सातही जण आबांच्या थोरल्या लेकाकडे, भीमराजकडे, टक लावून बघत होते.

भीमराज घामाघूम झाला. "आबा, तुमची म्हस इकत न्हाई!" कावळे ढिम्म. "आईला अंतर देत न्हाई!" तरी ढिम्म. शेवटी त्याने चुलतभावाचा कोरलेला बांधसुद्धा चारचौघांत परत देऊन टाकला. चुलतभाऊ खूश झाला, कावळे नाहीत. ऊन डोक्यावर आलं. वारा असा पडलेला, की काठावरच्या चिंचेचं पान हलत नव्हतं.

त्याच चिंचेमागे भीमराजची नववीतली लेक संस्कृती उभी होती. यंदा शाळेत नाटकाचा तास सुरू झाला आणि पोरीला त्याचं वेडच लागलं. "नाटकानं कुनाचं पोट भरलंय?" म्हणत भीमराजने सोमवारपासून तो बंद करायचं ठरवलं होतं. तिच्या बाजूने बोलणारे आबा तेवढे होते, तेही गेले. पोरीला फार पोरकं वाटत होतं. तेवढ्यात तिला नाटकाच्या बाईंचं सांगणं आठवलं: आवाज गळ्यातून नाही, बेंबीच्या देठापासून काढायचा. तिने छाती भरून श्वास घेतला, आबांसारखी खोकली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "भिमा, पोरीला नाटक शिकू दे!"

घाटावर भल्याभल्यांची बोबडी वळली. आजी बनुबाईने तर सवयीने पदर डोक्यावर ओढला. भीमराज मात्र चिंचेकडे डोळे वटारून बघत राहिला. मग एकाएकी तो पांढराफटक पडला आणि हात जोडून ओरडला, "शिकू देतो, आबा! शिकू देतो!"

सातही कावळे एकदम पिंडावर उतरले.

घरी जाताना संस्कृती मोटारसायकलवर मागे बसून गालात हसत होती.

"लई हसू नको," भीमराज म्हणाला. "आवाज तुझा हुता, तवाच वळखला मी. घरी नेऊन पाठ सोलून काढनार हुतो."

"मंग हो कशाला म्हनलात, पप्पा?"

भीमराजने गाडी कडेला घेतली. "तुझ्या आवाजापाठोपाठ माझ्या कानाशी दुसरा आवाज आला म्हनून."

संस्कृतीचं हसू जागीच थिजलं. "काय म्हनाला?"

"म्हनाला, 'पोरीला खोकला जमंना, भिमा. अजून शिकू दे.'"