समाजमंदिराच्या भिंतीवर चौक लिहिला, त्याची हकीकत

पालघट देवी, जिच्यावाचून धान्य रुजत नाही आणि लग्न लागत नाही, तीस दंडवत करून लेखणी धरिली. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सर, फाल्गुनमासी डोंगरतळीच्या एका राज्यात सुभेदारसाहेबांस कसबा सुशोभित करावा ऐसी बुद्धी जाहली. आणि कसब्यात नवे समाजमंदिर उभे होते, ते वारल्यांच्या खळ्यावर बांधिले, जेथे कसब्याभोवतीच्या साही पाड्यांची लग्ने लागत; मग खळे गेले, दारास कुलूप आले, आणि पाड्यांनी लग्नास जागा मागितली की कारकून म्हणे, फरशी खराब होते. आणि बरकी नावाची सवासीन, हात सोन्याचा आणि जीभ कोयत्याची, तिची लेक सोनकी हिची सोयरीक जुळलेली, परंतु मांडव घालावा कोठे या चिंतेने तिला अन्न गोड लागेना. ऐसे असतां हुकूम सुटला की थोर पाहुणे येणार, सबब समाजमंदिराच्या आतील भिंतीवर वारल्यांचे चित्र पाहिजे. वाहवा! माणसे बाहेर आणि संस्कृती आत, ऐसा न्याय बृहस्पतीसही सुचला नसता. मग कारकून पाड्यावर गेला आणि संगे नेलेल्या पुस्तकातले सर्वांत देखणे चित्र बरकीस बोटाने दाखविता जाहला. ते लग्नाचा चौक निघाले.

बरकी म्हणाली, "ह्यो चौक हाय, दादा. मधी देवी बसते. चौक लिवला का त्या घरात लगीन लागलाच पायजे, नाय त देवी कोपते. दुसरा काय तरी सांग. तारप्याचा नाच लिवते."

कारकून हसला. "नाच सगळीकडे आहे, बाई. साहेबांना हेच पाहिजे. देवीसकट."

"देवीसकट? मंग मागून नाय म्हणायचा नाय."

"लिही गं, लागू दे लग्न!"

ऐसा शब्द देऊन तो गेला. आणि बरकीने त्याचा शब्द गाठीस बांधिला, चार सवासिनी संगे घेतल्या, भिंत शेण-गेरूने सारविली, तांदूळ वाटिले, आणि तीन दिवस चौक लिहिला. वारली चित्र काढीत नाहीत, लिहितात. मध्ये देवी बसविली आणि रीतीप्रमाणे वरून फडके टाकिले. मग पाहुणे आले, मोटारी आल्या, आणि सुभेदारसाहेब फडके ओढावयास पुढे सरसावले, तो बरकी भिंतीस पाठ लावून उभी राहिली.

"थांबा साहेब. ह्यो पडदा नवरानवरीपुढं भगत काढतो. तुमी नवरा हाव का?"

पाहुण्यांत खसखस पिकली. साहेबांचा चेहरा लालबुंद जाहला, ते गरजले, "बाजूला व्हा!" तितक्यात दाराशी तारप्याचा सूर घुमला, आणि साही पाडे आत शिरले, पुढे भगत, मागे लग्न लावणारी धवलेरी गाणी गात, मध्ये हळदीची सोनकी आणि तिचा नवरा. शिपायांस हुकूम जाहला की यांस बाहेर काढा. परंतु शिपाई दोघेही पाड्याचेच, त्यांनी टोप्या काढून देवीस नमस्कार केला. आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजविल्या, त्यांस वाटले की हा कार्यक्रमच आहे. मग सुभेदारसाहेबांनी काय करावे? मुकाट अक्षता हाती घेतल्या. फडके भगताने काढिले, लग्न लागले, फरशीवर पंगत बसली, आणि बरकी लेकीच्या गळ्यात पडून पोटभर रडली, कारण खळे गेल्या दिवसापासून ते रडे तिने दाबून ठेविले होते.

दुसरे दिवशी साहेबांनी संतापून निरोप धाडिला की भिंतीस चुना फासितो. बरकीने उलट निरोप दिला, "फासा. नव्या चौकाला कोरी भिंत पायजेच व्हती. साही पाड्यांत अजून एकोणीस पोरी लग्नाच्या हायत."

येणेप्रमाणे चुना कालविला तो बादलीतच वाळला. समाजमंदिराचे कुलूप निघाले ते अद्याप कोणी लाविले नाही, आणि लावील त्याने आधी बरकीची गाठ घ्यावी. इति.