मुक्कामी कंद

ऑक्टोबर लागला की रोज सकाळी बरोबर पावणेसातला एक सहाफुटी गृहस्थ आमच्या घरात येतात, दारात चपला काढतात, माझ्याकडे ढुंकूनही न बघता थेट स्वयंपाकघरात जातात आणि आमचा फ्रिज उघडतात. शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढून भाजीच्या कप्प्यात ठेवतात. तीन मिनिटं डोळे मिटून उभे राहतात. मग थर्मामीटर चष्म्याजवळ नेऊन म्हणतात, "चार. बरं हाय." त्यानंतर माझ्या बायकोनं पुढं केलेला चहा पितात आणि शेजारच्या घरात शिरतात. फ्रिज तिथंही आहे.

गेल्या वर्षी मी फणफणून पडलो होतो, तेव्हासुद्धा त्यांनी ताप फ्रिजचाच बघितला.

हे आप्पासो मगदूम. एसटीत बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. त्यातली निम्मी चंदगडला, जिथं त्यांच्या म्हणण्याप्रमाणे "पावसात गाडी दिसत न्हाई, नुसता हॉर्न येतोय आणि आपण टाइम लिहायचा." निवृत्त होऊन आमच्या कॉलनीत आले, तेव्हापासून सगळे त्यांना कंट्रोलरच म्हणतात. त्यांच्या घरच्या वहिनी पाच वर्षांपासून पुण्याला मुलाकडे, नातवाच्या ड्युटीवर. कंट्रोलरांना पुणं मानवत नाही. "दारं लावून बसत्यात सगळी," एवढंच कारण ते सांगतात. म्हणून ते इथं एकटे, आणि सोबतीला लिली.

लिली म्हणजे बांधावर कुठंही उगवते ती नव्हे. पसरट तळहाताएवढं, केशरी, डोळे दिपवणारं फूल. त्याचा कंद जमिनीत जाण्याआधी सात-आठ आठवडे कडक थंडीत राहिला, तरच पुढं फूल येतं. आता कोल्हापूरची थंडी ती काय! सकाळी स्वेटर, दुपारी उसाचा रस. तेव्हा थंडी फ्रिजमधूनच द्यावी लागते. कंट्रोलर याला 'मुक्काम' म्हणतात. एसटीची शेवटची गाडी जशी एखाद्या गावात रात्रीची मुक्कामाला राहते आणि पहाटे ताजीतवानी होऊन निघते, तसा कंद फ्रिजमध्ये मुक्कामाला. कॉलनीतल्या पाच घरांत त्यांचे पाच डबे मुक्कामाला असतात. ते स्वतःच्या फ्रिजमध्ये का ठेवत नाहीत, हे पाच वर्षांत कुणी विचारलं नाही. मी भूगोलाचा मास्तर. चार अंश तापमान म्हटलं की आपल्याला कळतं असा चेहरा करायची मला सवय आहे, आणि असा चेहरा केला की प्रश्न विचारता येत नाहीत.

कंट्रोलरांचा हिवाळा गणपती गेल्या दिवशीच सुरू होतो. लिली लावणाऱ्यांचा त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर कुठला वाण मागवायचा याची चर्चा महिनाभर चालते, आणि दरवर्षी ठरतो तो केशरीच. मग हिमाचलातल्या नर्सरीवाल्याला फोन. कंट्रोलरांची हिंदी ऐकायला आम्ही मुद्दाम व्हरांड्यात बसतो.

"भाऊ, कंद घट्ट होना मंगता. दबाया तो दबना नहीं. और गाडी कितने बजे छोड्या वो बताव. नहीं नहीं, तारीख नहीं. टाइम, टाइम!"

पार्सल आलं की ते आमच्या पायरीवर फोडलं जातं. कांदा आणि लसूण यांचं जुनं भांडण मिटून लग्न झालं तर जे पोर होईल, तसा लिलीचा कंद दिसतो. एकेक कंद हातात घेऊन, दाबून, हुंगून कंट्रोलर निकाल देतात. "ही गाडी चांगली. ही बी चांगली. हिचं मागलं चाक बसलंय, परत पाठवा." मग ओलसर भुशात घालून डबे भरायचे आणि घरोघरी वाटायचे.

डब्याबरोबर एक कायदा येतो. फ्रिजमध्ये फळ ठेवायचं नाही. पिकत्या फळातून कसलासा वायू सुटतो आणि कंदाच्या पोटातली कळी जागच्या जागी करपते म्हणे. "सफरचंद म्हंजे दारू पिलेला पॅसेंजर हो वहिनी. सोता गप बसत न्हाई आणि शेजारच्याला बी बसू देत न्हाई."

एवढं करून चार वर्षांत कंट्रोलरांना फेब्रुवारीतल्या पुष्पप्रदर्शनात साधं उत्तेजनार्थही मिळालं नव्हतं. तिथला नियम असा, की एकाच वाणाच्या पाच कुंड्या, आणि पाचही त्या दिवशी फुललेल्या. एका वर्षी फुलं आठ दिवस आधी आली. एका वर्षी आठ दिवस उशिरा. एका वर्षी तीनच आली. आणि एकदा कंदच कुजले. बत्तीस वर्षं ज्या माणसानं गाड्या वेळेवर सोडल्या, त्याचं फूल वेळेवर येईना.

यंदा डबा हातात घेताना माझी बायको म्हणाली, "आप्पा, एक बोलू? चार वर्षं झाली, माझ्या घरात गार सफरचंद कुणी खाल्लेलं नाही. आम्ही पाचजणींनी ठरवलंय. यंदा प्रदर्शनादिवशी पाची कुंड्या फुलल्या तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षी डबे बंद."

कंट्रोलरांचा आवाज असा, की ते कुजबुजले तरी कसबा बावड्यात ऐकू जावं. पण त्या दिवशी ते हळूच म्हणाले, "बंद म्हंजे... फेरीच रद्द?"

"फेरीच रद्द."

त्यांनी चहा तसाच ठेवला. हे पहिल्यांदाच घडत होतं. मला वाटलं, प्रदर्शनातल्या बक्षिसाच्या कपाची इतकी आशा बरी नव्हे.

आणि आता माझा गुन्हा सांगतो. भाऊबीजेला बायको माहेरी गेली होती आणि माझी अक्का बिद्रीहून आली. येताना टोपलीभर सीताफळं. सगळी डोळे उघडलेली, एका दिवसात खाल्ली नाहीत तर फुटणारी. "वाळलास की रं," असं ती माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, आणि मला नाही म्हणवेना. मी सात सीताफळं फ्रिजमध्ये ठेवली. पहाटे साडेसहाला बाहेर काढायची, पलंगाखाली लपवायची, आणि कंट्रोलर गेले की पुन्हा आत. दोन दिवस ही ड्युटी मी चोख केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाक फेंदारून विचारलं, "सर, कसला वास मारतोय?"

"उटणं," मी म्हणालो. पाचवीतलं पोरसुद्धा याहून बरं खोटं बोलतं.

डिसेंबरात कंद कंट्रोलरांच्या गच्चीवर कुंड्यांत गेले. प्रत्येक कुंडीवर घराचं नाव. जानेवारीत कोंब आले, कळ्या धरल्या. प्रदर्शन रविवारी होतं. शुक्रवारी चार कुंड्यांवर केशरी फुलं डोलत होती आणि आमच्या नावाच्या कुंडीत एकुलती एक हिरवी कळी, तोंड घट्ट मिटून, माझ्याकडे बघत उभी होती.

शनिवारी सकाळी मी कंट्रोलरांच्या गच्चीवर गेलो आणि सगळं कबूल केलं. शाळेत पोरं माझ्यापुढं जशी उभी राहतात तसा, नखं बघत.

ते ओरडले नाहीत. "किती हुती?"

"सात."

"किती दिवस?"

"दोन."

त्यांनी कळी दोन बोटांत धरली. मग म्हणाले, "कळी भरल्या. म्हंजे गाडी रद्द न्हाई, लेट हाय. लेट गाडीच्या डायव्हरला शिव्या देऊन काय उपेग न्हाई, सर. रस्ता मोकळा करून द्यायचा. हिला ऊब पायजे. गाडी काढा."

माझ्या स्कूटरवर मागं कंट्रोलर, त्यांच्या मांडीवर कुंडी, आणि लिलीचा दांडा माझ्या कानात. असे आम्ही कसबा बावड्याच्या पुढं एका गुऱ्हाळावर पोचलो. काहिलीत रस रटरटत होता, चुलवाणाची धग चार हातांवरून लागत होती, वाफेनं सगळं छप्पर भरलं होतं. गुळव्यानं, म्हणजे गूळ काढणाऱ्या कारागिरानं, कुंडीकडं बघितलं, मग आमच्याकडं.

"काय पावणं, फुलाचा गूळ काढायचा काय?"

"फुलाला बसवायचंय हितं. सांजपतोर," कंट्रोलर म्हणाले.

"बसवा की. आमच्यात जावई बी येऊन बसत्यात, त्यांच्यापरीस फूल बरं. काय मागत तर न्हाई."

आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. दर पंधरा मिनिटांनी कंट्रोलर घड्याळ बघून कुंडी थोडी फिरवायचे, तव्यावर भाकरी फिरवावी तशी. जास्त जवळ नाही, जास्त लांब नाही. मध्येच पाठ कुंडीकडं करून माझ्या अंगावर खेकसायचे, "बघू नका तिच्याकडं सारखं! लाजंल ती!" मी ताजा गूळ खात बसलो. पश्चात्तापाच्या दिवशी इतकं गोड खाणारा पापी मीच असेन.

पाचच्या सुमाराला कळीच्या टोकाला केशरी रेघ दिसली. गुळव्या हातातलं फावडं टाकून आला. "आयला! उघडायली की ओ!" कंट्रोलरांनी डोक्यावरची टोपी काढून कळीवर धरली. कशासाठी, ते त्यांनाही माहीत नसावं.

रविवारी सकाळी पावणेसातला ते आमच्या दारात आले. चपला काढल्या नाहीत. हातात कुंडी, आणि कुंडीत सहाही पाकळ्या मागं टाकून बसलेली लिली. "सुटली!" ते असे ओरडले, की समोरच्या घरातली तिघं टॉवेल गुंडाळून बाहेर आली.

प्रदर्शनात पाच कुंड्या ओळीत मांडल्या. आमच्या पाची घरांतल्या बायका हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या नटून त्यांच्यामागं उभ्या. परीक्षक बाई प्रत्येक फुलावर वाकत वाकत आमच्या कुंडीशी थांबल्या. पुन्हा वाकल्या.

"नवल आहे. या वाणाला वास नसतो. हिला चक्क गुळाचा वास येतोय."

"कोल्हापूरची हाय ती," कंट्रोलर म्हणाले.

पहिला नंबर! नाव पुकारल्यावर माझ्या बायकोनं शिट्टी वाजवली. लग्नाला तेवीस वर्षं झाली, तिला शिट्टी येते हे मला त्या दिवशी कळलं. कंट्रोलर कप घेऊन खाली आले, पण कपाकडे बघतसुद्धा नव्हते. सरळ बायकांच्या घोळक्यात घुसले.

"वहिनी, मग फेरी चालू?"

"चालू म्हणजे! पुढच्या वर्षी आमच्याकडं दोन डबे टाका."

"चालू," त्यांनी बाकीच्या चौघींकडं एकेक करून बघितलं. चौघींनी माना डोलावल्या. तेव्हा कुठं त्यांनी कप नीट धरला.

संध्याकाळी कुंड्या पोचवायला मी त्यांच्या घरी गेलो. पाच वर्षांत मी बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर गेलो होतो, पण त्यांच्या घराच्या आत कधी गेलो नव्हतो. तेच येत असल्यामुळं आपल्याला जावं लागत नाही. कुंड्या वर चढवून घशाला कोरड पडली होती. "पाणी आत हाय, घ्या," ते गच्चीवरूनच म्हणाले.

स्वयंपाकघरात त्यांच्या उंचीचा, दोन दारांचा, चकचकीत फ्रिज होता. मी उघडला. आत लख्ख उजेड. पाण्याची एक बाटली, दुधाचं एक पातेलं, अर्धं लिंबू. बाकी पाची कप्पे रिकामे. आमचे पाची डबे आत गेले असते आणि वर अक्काची टोपलीसुद्धा मावली असती.

कंट्रोलर कधी खाली आले मला कळलं नाही.

"पोरानं पाठवलाय," ते म्हणाले. "ती पुण्याला गेली त्याच वर्षी."

"चालतो?"

"नाद खुळा चालतोय," ते सवयीनं म्हणून गेले, आणि मग कानापर्यंत लाल झाले. पाण्याची बाटली काढून माझ्या हातात देत म्हणाले, "मोठ्या फ्रिजात कंद एकटं पडत्यात, सर."

"भूगोलात तसं दिलेलं नाही," मी दार लावत म्हणालो, "पण खरं असणार."

"चहा टाकू?"

"टाका. घाई नाही मला."

मी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी दूध तापवलं, साखर घातली, आलं किसलं. मग मांडणीपुढं जाऊन उभे राहिले. मांडणीवर एक कप होता. एकच. त्यांनी तो धुतला, पुसला, चहानं भरून माझ्यापुढं ठेवला. इकडंतिकडं बघितलं. मग सकाळी जिंकलेला कप टेबलावरून उचलला, नळाखाली विसळला, त्यात स्वतःचा चहा ओतला आणि दोन्ही कान धरून तोंडाला लावला.

"पोळतंय काय हो?" मी विचारलं.

"पोळू दे की," कंट्रोलर म्हणाले. "तुम्ही बसा निवांत."