मिंकबाईंची शिकवणी

नगरपालिकेच्या तलावावर सकाळच्या लेडीज बॅचला त्या वर्षी एक मिंक पोहायला शिकायला आली. अंगाने मुंगसाएवढी, दाट तपकिरी केसांची, बोलायला मऊ.

शिकवणारे शिवराम कुरणे यांचं आयुष्य मिरजेच्या या तलावावरच गेलेलं. त्यांनी सरळ विचारलं, "बाई, तुमची जमात तर पाण्यातलीच म्हणत्यात. मग आमच्याकडं कसं काय?"

"मी फार्मवर जन्मले, सर," मिंक म्हणाली. "तिथे आमच्या कातड्यांचे कोट करतात. पाणी फक्त प्यायला मिळायचं. आता सुटून आलेय, तर नदीत मासा धरल्याशिवाय जेवण नाही. आणि आमच्या जमातीत कुणाला पोहायला शिकवा म्हटलं, तर काय नाचक्की होईल सांगा."

कुरण्यांना हे पटलं. समुद्राकाठच्या वेंगुर्ल्याचे एक जावई असेच गुपचूप शिकून गेले होते.

अडचण टोपीची निघाली. व्यवस्थापक हेर्लेकरबाई म्हणाल्या, "केसांना टोपी सक्तीची आहे आणि ह्यांना तर अंगभर केस आहेत." शेवटी लहान मुलांची टोपी आणली. ती मिंकच्या कमरेपर्यंत आली. तोंडापुरतं भोक पाडलं, पुढच्या पायांना दोन पाडली आणि उरलेलं अंग हे अंगच समजायचं असं ठरलं.

हातपाय मारायला ती लगेच शिकली. पण हातभर गेली की गर्रकन वळून परत येई.

"वळताय कशाला?"

"पुढे जाळी आहे, सर. पिंजऱ्याची."

कुरण्यांना काही दिसेना. पण शिकणाऱ्याला खोटं पाडलं म्हणून कुणी तरंगायला लागलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. शिवाय ते रोज आपल्या डब्यातली पोळी तिला देत, ती काही तिच्या अंगी लागत नव्हती. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि ते बघून त्यांचा जीव तुटायचा.

"असू दे की," ते म्हणाले. "जाळी मी पुढं ढकलतो. तुम्ही मागनं या."

त्यांनी दोन्ही हात पुढे करून जाळी रेटायला सुरुवात केली. बायका बाजूला झाल्या. एक आजी म्हणाल्या, "सावकाश हो, लागंल कुणाला." हेर्लेकरबाईंनी काठावरून विचारलं, "जाळी आत आणायची परवानगी घेतली होती का?"

"त्यांची स्वतःचीच आहे, बाई."

"मग जाताना घेऊन जायला सांगा."

जाळी रोज थोडी सरकत सरकत पलीकडच्या भिंतीला टेकली. मग एका सकाळी दोघं कृष्णेवर गेली. कुरणे जाळी रेटत पुढे आणि मिंक मागे. तलावाच्या लांबीएवढं अंतर गेल्यावर कुरणे अचानक वळले.

"काय झालं, सर?"

"भिंत," कुरणे म्हणाले. ते ओशाळले होते. "इथं भिंत असत्या."

एवढ्या वर्षांत आपण कधी नदी ओलांडली नाही, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. मिंकने पुढे पाहिलं. तिला काही दिसलं नसावं, पण तसं ती म्हणाली नाही.

"बाजूला व्हा, सर. जाळी आणि भिंत दोन्ही मी ढकलते. तुम्ही मागून या."

तिने नाक पुढे केलं आणि रेटायला लागली. कुरणे तिच्या मागून हात मारत राहिले. पलीकडच्या काठाजवळ लव्हाळ्यांत तिने बुडी मारली. बराच वेळ ती वर आली नाही, तेव्हा ते लव्हाळे बाजूला सारून पाण्यात शोधू लागले. मग ती वर आली. तोंडात चांगला वळवळता मासा होता.

कुरण्यांना इतका आनंद झाला, की तिने निदान बसा म्हणावं असं त्यांना वाटलं. पण मिंक एकटीच जेवते. मासा घेऊन ती लव्हाळ्यांत गेली ती गेलीच.

ते जरा वेळ काठावर बसले. मग पाण्यात उतरून घरी निघाले. वाटेत कुठेही वळावं लागलं नाही.