गजाबाला बघायला दोन गाड्या आल्या

शेवट वळखून दाखवा. वळखलासा तर मिशी काढून देतो, न्हाईतर च्या तुमचा. आमच्या गडहिंग्लजात माणूस गाडी बघायला जात न्हाई, गाडीच माणसाला बघायला येती. पसंत पडला तर ऱ्हाती, न्हाईतर पोहे डिकीत घालून निघून जाती.

गजाबा चौगल्याला दोन गाड्यांनी आदीच नाकारलं हुतं. चौथा नकार आला की यादीतनं नाव उडतं, मग जल्मभर सायकल. तेहतीस वरसं त्येनं साखर कारखान्याच्या साहेबाची गाडी हाणली, पर बायको सुलाबाई त्या गाडीत एकदाबी बसली न्हाई. सवताच्या गाडीतनं तिला बाजारातनं फिरवायची, एवढाच त्येचा हट्ट.

मधला माणूस बंडा शिप्पुरे. त्येनं रईवारी एकाच टायमाला दोन स्थळं आणली. पयली हायब्रिड. निम्मी पेट्रोलवर, निम्मी बॅटरीवर, सासर-म्हायेर दोन्ही धरून ऱ्हाणारी. दुसरी इलेक्ट्रिक, लई म्हागाची. कवा आली कळलंच न्हाई, बघतोय तर तुळशीफुडं हुबी.

"चालून दाखवा," हायब्रिड म्हणाली.

गजाबा चालला.

"आता उलटं."

गजाबा मान न वळवता गोठ्यापतोर उलटा गेला.

"कमरंचा आवाज येतोय. सर्व्हिसिंग कवा केलंय?"

"दसऱ्याला मोतीबिंदू काढलाय," बंडा मधीच बोलला. "दिवं नवीन हायत."

इलेक्ट्रिक पुण्याकडची, बोलणं हळू. तिचं ऐकायला शेजारणीला मिक्सर बंद कराय लावला. "तंबाखू खाता का?"

"सोडली," गजाबा म्हणला, आन तोंडातली गिळली.

आता बसून दाखवायचं. हायब्रिड म्हणाली, "या, चक्कर मारू." गजाबा फुडं झाला. आन हात गेला कुठं, तर मागच्या दाराला. दार उगडलं, सुलाबाईला बसवली, दार लावलं आन खाडकन सलाम ठोकला. तेहतीस वरसाची खोड.

हायब्रिडनं सवताच दार उगडलं. मग म्हणाली, "बंडोपंत, मालक दाखवतो म्हणलासा. ह्यो तर डायवर हाय. उतरा बाई. पोहे तेवढे झ्याक हुते." आन गेली.

तिसरा नकार.

"आता फुडचं दार," बंडा कानात म्हणला. "फुडचं. ध्यान ठेव."

"ठेवलंय की," गजाबा म्हणला. इलेक्ट्रिकपाशी गेला, मागचं दार उगडलं, सुलाबाईला बसवली, सलाम ठोकला. बंडा डोस्कं धरून पायरीवर बसला.

सुलाबाईला ह्या उठाबशीचा कट्टाळा आलता. ती मागं रेलली, पाय लांब केलं आन म्हणाली, "अवो, ते वारं जरा बारीक करा. गुडघं धरल्यात माझं."

इलेक्ट्रिकनं वारं बारीक केलं. मग म्हणाली, "पसंत आहे."

"कोण?" बंडा उठला.

"मालकीण. चांगली चांगली घरं पाहिली, पण असं कुणी बसलं नाही. ड्रायव्हरही पसंत आहे. मात्र एक अट. मालकिणीनं ड्रायव्हरला नावानं हाक मारायची. त्याशिवाय मी हलत नाही."

सुलाबाई ताठ झाली. लगीन हून एकेचाळीस वरसं झाली, नवऱ्याचं नाव तोंडातनं काढलेलं न्हाई. रेशनच्या हापिसात इचारलं तवाबी बोट करून दावलं हुतं.

"उखाण्यात घिऊ का?" तिनं इचारलं.

"नको. उखाण्यानं गाडी उशिरा निघते."

गल्ली गोळा झाली. गजाबा आत बसून, स्टेरिंगवर हात ठिवून सरळ फुडं बघत हुता. कान तांबडं. 'न्हाई म्हणली तर सायकल,' एवढंच त्येच्या मनात.

सुलाबाईनं पदर तोंडावर घेतला. मग काय वाटलं कुणास ठावं, पदर खाली केला.

"गजाबा," ती म्हणाली, "गाडी काढ."

गाडी निघाली. काडीचा आवाज न्हाई. बाजारपेठंतनं तीन चकरा मारल्या, दोनदा भाजीवाल्यांनी वाट दिली, एकदा तर कारखान्याच्या साहेबानं सवताची गाडी कडंला घेतली. हायब्रिड पंपावर लायनीत हुती, तिनं तोंड फिरवलं. चौथ्या चकरंला सुलाबाईनंच आरडून सांगितलं, "गजाबा, परत एकदा."

घरी आल्यावर तिनं देवाफुडं हात जोडलं. धन्याचं नाव घेतलं म्हंजे प्राचित आलंच. एका हाकंला एक उपास, असा दर तिनंच सवताला लावला. गेल्या म्हैन्यात बावीस उपास झालं.