कोरड्या हाताचे सर

अंबाजोगाईतले आमचे मुळे सर नमस्कार नंतर घेतात, आधी समोरच्याचा तळहात बघतात. ओलसर दिसला की प्रयोगशाळेच्या दारातूनच गर्जना, "कोरडा होऊन ये!" चहाचा कप आत न्यायला तर प्राचार्यांनाही बंदी.

मी कॉलेजांना काचसामान पुरवतो. सायकलवर चंबू विकत वर आलोय. माल परत घ्यायची मला सवय नाही. या माणसानं मात्र माझे नवे चंबू चार प्राध्यापकांदेखत परत केले. मी ते स्पिरिटनं पुसून चकचकीत केले होते, हाच माझा गुन्हा!

"स्पिरिट म्हंजे अल्कोहोल, शेठ. आमच्या ग्रिनियार रसायनाचा वैरी, पाण्यासारखाच."

"नुसत्या वासानं काय होतंय? लई किरकिर करता तुमी!"

सरांनी विकत आणलेल्या तयार ग्रिनियारच्या नळीत स्पिरिटचे दोन थेंब सोडले. फस्सकन बुडबुडे आले. "अल्कोहोलपाशी एक सैल हायड्रोजन असतो. ह्यानं तो ओढला अन् वायू होऊन उडून गेलं. ज्या कामाला बनवलं, ते काम आता ह्याच्याकडून व्हायचं न्हाई."

प्राध्यापक हसले. तिथंच ठरवलं, सरांच्या तोंडून 'चांगलं हाय' वदवल्याशिवाय हटायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या बेकरीत, खारी निघाल्यावर, त्याच भट्टीत चंबू भाजले. बुचं लावली, टॉवेलात गुंडाळले आणि हजर झालो. सरांनी टॉवेल हुंगला.

"खारी?"

"स्पिरिट तर न्हाई ना!"

त्यांनी ग्रिनियार बनवायला चंबूत मॅग्नेशियम टाकलं, वर ईथर आणि ब्रोमाइड ओतलं. काहीच होईना.

"माझा चंबू कोरडा हाय," मी आधीच भांडायला उभा.

"गप बसा. ह्याला सुरुवातीला ऊब लागते." त्यांनी चंबू तळहातांत धरला, जरा वेळानं खाली ठेवला. "माझे हात गार पडत्यात आता. आमची मंडळी डबा घेऊन यायची. खिडकीतल्या त्या स्टुलावर बसून चंबू धरायची, की लगेच उकळी फुटायची, ग्रिनियार लागायचं. ती गेल्यापासून माझ्या हातून एकदाबी लागलं न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचं डोकं कायम तापलेलं. हातबी असंल. धरा."

मी तळहात पँटला पुसले, त्यांना दाखवले आणि चंबू धरला. बराच वेळ गेला. मग तळाशी गढूळलं, एक बुडबुडा सुटला, मागोमाग सगळं ईथर उकळायला लागलं.

'चांगलं हाय' ऐकायला मी कान टवकारले. सर खिडकीकडं वळले आणि रिकाम्या स्टुलाला हळूच म्हणाले,

"लागलं गं."