चकाकीरावांनी घासलेली चाकं

"चाक म्हणजे शेवटी काय हो? भोकं पाडलेलं ताट!" असं म्हणून चकाकीरावांनी रविवारी सकाळी सात वाजता बाह्या सरसावल्या, आणि तिथेच सगळं बिघडलं!

चकाकीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं ते पॉलिश खात्याचे मुकादम. भांडं हातात घ्यायचे, त्यात स्वतःची मिशी नीट दिसली तर पास. मिशी धूसर दिसली की भांडं परत! जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते, मिशी दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या. म्हणून कामगारांनीच त्यांचं हे नाव पाडलं होतं.

अंगणात उभी होती ती गाडी त्यांच्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची. आणि ती तिथे उभी होती हेच नवल होतं. दीड वर्षापूर्वी चकाकीरावांनी चारचौघांत मेहुण्याच्या आधीच्या गाडीला 'पत्र्याचा डबा' म्हटलं होतं. मेहुणा भरल्या ताटावरून उठून गेला, तो पुन्हा उंबरा चढला नाही. बायको किती रडली! शेवटी परवा त्यानेच फोन केला. "ताई, कंपनीच्या बसने दोन दिवस बाहेरगावी जातोय. गाडी तुझ्या अंगणात लावू का?"

"या वेळी जिभेला आवर घाला," बायकोने नवऱ्याला बजावलं होतं. "माझा भाऊ पुन्हा तुटला ना, तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी!"

"अगं, बोलतोय कोण? मी हात चालवतो! संध्याकाळी पाचला येईल तेव्हा चाकं अशी चमकतील की मागचं सगळं विसरेल."

चाकं खास बनवून घेतलेली होती, सात सात पाकळ्यांची. पण रंग? धुरकट! आणि त्यावर बारीक बारीक रेघा.

"ही बघ ब्रेकची काजळी. मोबाइलवर पाहिलंय मी. ब्रेक झिजतो, त्याची पूड चाकावर बसते, आणि वेळीच काढली नाही तर धातूच खाते!"

"मग धुवा की नुसती."

धुतली. मोबाइलवर सांगितल्याप्रमाणे चाक गार असताना, वेगळ्या बादलीत, सौम्य साबणाने, मऊ ब्रशने धुतली. काजळी जागची हलेना! दुसरा कुणी असता तर जरा थांबून विचार केला असता. पण चकाकीराव म्हणजे हट्टाचा नुसता डोंगर.

"बावीस वर्षांत मला शरण आलं नाही असं भांडं नाही!" असं म्हणत त्यांनी ड्रिल काढलं, त्याला पॉलिशची गोल गादी बसवली, तिच्यावर पॉलिशची वडी घासली, आणि घर्रर्र! वीस मिनिटांत एक पाकळी लखलखली. मिशी दिसली! दोन्ही टोकांसकट दिसली!

पण आता पंचाईत झाली. एकच पाकळी चमकते आणि बाकीच्या सहा तोंड पाडून बसलेल्या. मागे फिरायची सोय उरली नाही. पहिलं चाक व्हायला दहा वाजले. दुसऱ्याला एक वाजला. जेवण राहिलं, ड्रिल तापलं, हात एवढे बधिर झाले की पाण्याचा पेला ओठांऐवजी नाकाला लागला. तिसरं चाक साडेतीनला संपलं आणि फोन वाजला.

"भाऊजी, लवकर सुटलो! नाक्यावर उतरतोय. गाडीला कुणी हात नाही ना लावला?"

"छे छे!" म्हणून चकाकीराव चौथ्या चाकाकडे धावले. पण गाडी तिरकी लावलेली, आणि नेमकं तेच एक चाक होतं भिंतीकडे. भिंत आणि गाडी यांच्यात जेमतेम हातभर जागा, आणि यांना गाडी चालवता येत नाही. आडवे होऊन घुसायला गेले तर पोट अडकलं. ना पुढे, ना मागे!

"अहो, श्वास सोडा!"

"सोडला तर परत घेऊ कुठे?"

बायकोने कॉलर धरून ओढलं तेव्हा शर्टाची दोन बटणं उडाली आणि नवरा बाहेर आला.

"चौथं राहू दे! भिंतीकडे आहे, दिसणार नाही. मी नाक्यावर जाऊन त्याला रेंगाळवतो, तू चहा टाक."

पाच मिनिटांची वाट त्यांनी दोन तासांत संपवली. आधी नाक्यावरच्या हॉटेलात भजी, मग दोनदा चहा. मेहुण्याची बॅग घेतली, ती चारदा खाली ठेवली.

"भाऊजी, गुडघे दुखतात का?"

"फार रे, फार!"

फाटकाशी आले तर आतून आवाज, घर्रर्र!

"ताईने मिक्सर लावलेला दिसतोय."

"तुझ्यासाठीच काहीतरी चाललं असेल!"

आणि मेहुण्याला चाकं दिसली. तो जागीच थिजला.

"भाऊजी... ही कुणाची चाकं?"

"तुझीच! काजळी काढली सगळी. बघ, तोंड बघ तुझं!"

मेहुणा मटकन खाली बसला. "काजळी? अहो, तो रंग मुद्दाम घेतला होता मी! कारागिराने एकेक रेघ हाताने ओढली होती. आठ महिने वाट पाहिली मी त्या चाकांची!"

चकाकीरावांनी बॅग पाचव्यांदा खाली ठेवली. न चमकण्यासाठी माणूस आठ महिने थांबतो, हे त्यांच्या बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मेहुणा उठला. त्याने फाटकाकडे पाहिलं. दीड वर्षापूर्वी ताटावरून उठताना असंच पाहिलं होतं त्याने.

"चौथ्याचं काय केलंत?"

"बोटही लावलं नाही! पोटाची शपथ!"

"नक्की?" मेहुण्याच्या जिवात जीव आला. "मग होईल काहीतरी. एक नमुना हातात असला की तो कारागीर बाकीची तिन्ही आठवडाभरात करून देतो. नमुना नसला की सगळं पहिल्यापासून."

"वाचलो रे बाबा!" चकाकीरावांनी त्याला मिठीच मारली. डोळे भरून आले बिचाऱ्यांचे. आयुष्यात पहिल्यांदा पोट कामी आलं होतं!

तिकडे घर्रर्र चालूच होतं. आणि मिठीतच चकाकीरावांना आठवलं की ड्रिल आपण बाहेरच टाकून गेलो होतो.

आवाज थांबला.

भिंतीच्या फटीतून बायको आडवी आडवी बाहेर आली. कोपरापर्यंत काळी, केस विस्कटलेले, हातात ड्रिल.

"झालं बाई! चौथंही चकाचक! यांचं पोट आडवं आलं, म्हटलं आपणच करू. दीड वर्षांनी आलायस, तुझं एक चाक मळकं कसं ठेवू रे?"

मेहुण्याने चाकाकडे पाहिलं नाही. बहिणीच्या अंगठ्याला फोड आला होता, त्याच्याकडे पाहत राहिला.

"छान झालंय, ताई," तो म्हणाला. आवाज जरा फाटला.

"बघा! मी म्हणत नव्हते?" असं म्हणून ती हात धुवायला पळाली.

मेहुणा भाऊजींच्या कानाशी आला. "हे ताईला कधीच कळता कामा नये."

"मेलो तरी नाही!"

"तिला सांगायचं, इंजिनाचं काम निघालंय. ही चाकं कारागिराकडे जातील, आणि गाडीची मूळची चाकं मी केव्हाच विकली. तोवर गाडी माझ्या घरी विटांवर. तुम्ही मला रोज सकाळी साडेसहाला स्कूटरवरून कामावर सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं."

"आठ महिने?"

"आठ महिने."

तेव्हापासून रोज सकाळी चकाकीराव डोळे चोळत निघतात, आणि बायको फाटकात उभी राहून शेजारणीला सांगते, "दीड वर्षं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते हो! आणि आता बघा, एक दिवस करमत नाही दोघांना!"